चीनच्या खेड्यात एक सोलापूरकर

भिवंडीहून वज्रेश्वरीच्या वाटेला लागले म्हणजे तानसा नदीच्या काठी गणेशपुरी हे गाव लागते. तेथील गरम पाण्याची कुंडे आपल्या परिचयाची आहेत. नित्यानंदस्वामी ८ ऑगस्ट १९६१ रोजी समाधिस्थ झाले, आणि पुढे त्यांचे शिष्य मुक्तानंद यांच्या आश्रमात अमेरिका-युरोपातून माणसे येऊ लागली. भातखाचरांच्या या मुलखात राहून, पहाटे उठून, झाडलोट व स्वयंपाक यांस सेवा मानून ती राहत. आपण भिवंडीकरांनी त्यांच्याकडे कधी कौतुकाने पाहिले, कधी संशयाने. परंतु एक प्रश्न मात्र मनात राहून गेला. परक्या देशातील खेड्यात येऊन राहणाऱ्या माणसाला खरोखर काय मिळते? आणि ज्या खेड्यात तो राहतो, त्या खेड्याला काय मिळते?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हांस उलट दिशेने झालेला एक प्रवास आठवला. येथून निघून परक्या खेड्यात जाऊन राहिलेल्या, तेथेच संपलेल्या एका मराठी माणसाचा तो प्रवास आहे. डॉक्टर द्वारकानाथ शांताराम कोटणीस हे नाव महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. मात्र हे ठाऊक असणे बहुधा चित्रपटापुरते असते. त्यांच्या मृत्यूची कथा आपण ऐकलेली असते. ते चार वर्षे तेथे कसे जगले, काय खात होते, कोणत्या भाषेत बोलत होते आणि कशावर विश्वास ठेवून उभे होते, हे आपण विचारलेले नसते. आजच्या विवेचनाचा विषय तोच आहे.

कोटणीसांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. सोलापूर आपल्या भिवंडीला परके नाही. तेही मागाचे गाव, हेही मागाचे गाव. तेथल्याप्रमाणे येथेही पद्मशाली विणकरांची वस्ती आहे आणि घरात तेलुगू बोलून बाजारात मराठी बोलणारी माणसे दोन्ही गावांनी पाहिली आहेत. अशा गावातून निघून कोटणीस परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात शिकले. पदवीनंतर पुढील परीक्षांचा अभ्यास चालू होता. त्या काळच्या कोणाही हुशार तरुण डॉक्टरप्रमाणे त्यांच्यापुढेही प्रतिष्ठेची सरळ वाट मोकळी होती.

त्याच सुमारास चीनची हाक आली. ७ जुलै १९३७ रोजी जपानने चीनवर उघड आक्रमण सुरू केले. चिनी सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली. १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी देशाला आवाहन केले, चीन-दिन पाळले गेले आणि सुमारे २२,००० रुपयांचा निधी उभा राहिला. या रकमेकडे आज पाहताना एक गोष्ट विसरू नये. देणारा देश स्वतः पारतंत्र्यात होता. त्याला सैन्य पाठविण्याचा अधिकार नव्हता, परराष्ट्रधोरण नव्हते, बोलण्यापुरते स्वातंत्र्यदेखील नव्हते. जे होते ते त्याने पाठविले: एक रुग्णवाहिका, औषधे आणि पाच डॉक्टर. पथकाचे नेते मदनमोहन अटल. सोबत नागपूरचे चोळकर, बंगालचे देबेश मुखर्जी व बिजयकुमार बसू आणि सोलापूरचे कोटणीस. पाचांपैकी दोघे महाराष्ट्रातले, ही गोष्ट आपण सहसा ध्यानात घेत नाही.

कोटणीसांच्या घरी चीनची ओळख ती किती? रेशमी कापड विकायला दारावर येणारे चिनी फेरीवाले, एवढीच, असे घरच्यांनी पुढे सांगितले आहे. तेवढ्या ओळखीच्या बळावर वय वर्षे सत्तावीसच्या या तरुणाने १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबईचा किनारा सोडला.

येथे थोडे थांबून एक भेद स्पष्ट करावयास हवा. परक्या खेड्यात जाऊन सेवा करणारी माणसे महाराष्ट्राने पूर्वीही पाहिली होती. विल्यम वॉन्लेस हे डॉक्टर १८८९ साली भारतात आले आणि १८९४ पासून त्यांच्या मिरजेच्या इस्पितळाने दूरदूरच्या रोग्यांना आधार दिला. त्यांची सेवा थोर होती आणि तिच्या मुळाशी ख्रिस्तावरील दृढ श्रद्धा होती. ती श्रद्धा ते घरून घेऊन आले होते आणि इतरांनी ती घ्यावी अशी त्यांची मनापासून इच्छा होती. गणेशपुरीला येणाऱ्यांची गोष्ट नेमकी उलट. ते श्रद्धा घेऊन येत नव्हते, घ्यायला येत होते. कोटणीस या दोहोंत बसत नाहीत. त्यांच्यापाशी चीनला शिकवावयाचा धर्म नव्हता आणि चीनमध्ये जाऊन गुरू शोधावयाचा हेतूही नव्हता. एका पीडित देशाने दुसऱ्या पीडित देशासाठी धावून जावे, एवढी साधी भावना त्यांच्या सामानात होती. त्या भावनेची पुढे श्रद्धा झाली. ती कशी झाली, हेच पाहण्यासारखे आहे.

सप्टेंबरच्या मध्यास पथक कँटनला पोहोचले. तेथून चांगशा, हांकौ, इचांग असे करीत ते चुंगकिंगला गेले. ज्या शहरांतून ते पुढे सरकत, ती शहरे मागे जपानच्या हाती पडत होती. कँटन आणि हांकौ दोन्ही त्या ऑक्टोबरातच गेली. पथकातील प्रत्येकाला चिनी नाव मिळाले आणि प्रत्येक नावाच्या शेवटी 'हुआ' हे अक्षर जोडले गेले. 'हुआ' म्हणजे चीन. कोटणीस झाले 'को-ती-हुआ'. त्या वेळी ते केवळ सौजन्य असेल. आपणही पाहुण्याला फेटा बांधतोच. पण फेटा उतरवून ठेवता येतो. हे नाव कोटणीसांनी कधीच उतरविले नाही.

चुंगकिंगहून उत्तरेकडे येनानला निघण्याच्या सुमारास वडिलांच्या निधनाची बातमी आली. परतावे असे कोणीही म्हटले असते व कोणीही त्यांना दोष दिला नसता. मुलाने वडिलांचे क्रियाकर्म करावे, ही आपल्याकडील गृहस्थाची पहिली श्रद्धा. कोटणीस परतले नाहीत. या निर्णयाला आम्ही हलके मानत नाही आणि केवळ शौर्य म्हणून त्याची आरतीही ओवाळत नाही. सोलापुरात एक आई वैधव्यात बसली होती, ही त्याच निर्णयाची दुसरी बाजू आहे. सेवेला निघालेल्या माणसाची किंमत पुष्कळदा त्याचे घर मोजते.

१२ फेब्रुवारी १९३९ रोजी पथक येनानला पोहोचले. येनान म्हणजे पिवळ्या मातीच्या उघड्या डोंगरांचा प्रदेश. त्या डोंगरांत कोरलेल्या गुहांत माणसे राहत, तेथेच शाळा भरत, तेथेच इस्पितळे चालत. भाताऐवजी राळ्यासारखे बारीक धान्य शिजवून खावयाचे, कडाक्याच्या थंडीत कापूस भरलेले अंगरखे घालावयाचे आणि औषधांची टंचाई नित्याची. मुखर्जींची प्रकृती बिघडली. ते आणि चोळकर १९३९ मध्येच मायदेशी परतले. १९४० च्या आरंभी आजारपणामुळे अटलही परतले. जे परतले त्यांना उणे लेखण्याची आपल्याकडे रीत आहे. ती अन्यायाची आहे. ज्या काळात बहुतेकांनी वर्गणी देऊन समाधान मानले, त्या काळात ते युद्धभूमीवर जाऊन आले होते. राहिले दोघे, बसू आणि कोटणीस. १९४० च्या उन्हाळ्यात हे दोघे शत्रूच्या पिछाडीस असलेल्या डोंगराळ भागात गेले. पुढे बसू येनानला परत गेले व १९४३ मध्ये भारतात आले. आणि होपेई प्रांतातील तांग तालुक्याच्या खेड्यांत कोटणीस एकटे भारतीय उरले.

तेथे त्यांच्या आधी आणखी एक परदेशी येऊन गेला होता. कॅनडाचे शल्यविशारद नॉर्मन बेथ्यून. त्यांनी खेचराच्या पाठीवर लादता येईल असे शस्त्रक्रियेचे सामान बसविले होते. १९३९ च्या एप्रिलात एका लढाईत गावच्या लहानशा देवळात टेबल मांडून त्यांनी ६९ तासांत ११५ जखमींवर शस्त्रक्रिया केल्या. त्याच वर्षी शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून विष भिनून १२ नोव्हेंबरला ते वारले. त्यांच्या नावाच्या इस्पितळाची सूत्रे जानेवारी १९४१ मध्ये कोटणीसांकडे आली. त्या इस्पितळाचे ठाणे गगोंग नावाच्या खेड्यात होते.

इस्पितळ म्हणताच आपल्या डोळ्यांपुढे इमारत येते. येथे इमारत नव्हतीच. शेतकऱ्यांच्या घरांतून रोगी ठेवलेले असत. ज्या घरी जागा असेल तेथे एक-दोन खाटा, आणि शुश्रूषेला त्या घरच्या बायामाणसांचा हातभार. पट्ट्या धुऊन, वाळवून पुन्हा वापरावयाच्या. कापडाच्या गावात राहणाऱ्या आपणांस पट्टीचे मोल कळणार नाही. तेथे वीतभर स्वच्छ कापडासाठी गावाकडे हात पसरावा लागे. जपानी सैन्य गावे जाळीत, धान्य लुटीत डोंगर धुंडाळू लागले की रोगी, अवजारे, पुस्तके आणि विद्यार्थी सारे घेऊन वरच्या दऱ्यांत सरकावयाचे. वर्ग झाडाखाली भरावयाचा. रात्री चालावयाचे, दिवसा शिकवावयाचे आणि जखमी आले की सारे बाजूला ठेवून हात धुवावयाचे. १९४० च्या दीर्घ लढाईत कोटणीसांनी एकदा सलग ७२ तास न झोपता शस्त्रक्रिया केल्या आणि त्या लढाईत ८०० हून अधिक जखमींवर उपचार केले, अशी नोंद आहे.

परंतु ७२ तासांची ती नोंद आम्हांस तितकी मोठी वाटत नाही, जितकी एक दुसरी गोष्ट वाटते. कोटणीस चिनी भाषा शिकले. रोग्याचे 'दुखते' समजण्यापुरती नव्हे. त्या भाषेत शल्यशास्त्राची व्याख्याने देण्याइतकी, वाचण्याइतकी, लिहिण्याइतकी. तेथील विद्यार्थ्यांसाठी त्यांनी शल्यशास्त्राच्या सामान्य तत्त्वांचे पाठ्यपुस्तक तयार केले आणि दुसऱ्या भागाचे काम हाती घेतले. लढाईच्या धांदलीत तीन दिवस जागणे हे शौर्य होय. पण रोज रात्री दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात परकी लिपी गिरविणे, चुकणे, विद्यार्थ्यांनी हसणे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गिरविणे याला शौर्याहून अधिक काही लागते. 'माझ्यावाचून तुमचे अडते' अशा भावनेने भाषा शिकली जात नाही. 'तुमच्यावाचून माझे अडते' हे ज्याला उमगले, तोच ती शिकतो.

गावानेही याचे उत्तर आपल्या पद्धतीने दिले. सावळ्या वर्णाच्या या डॉक्टरला तेथील लोक 'काळी आई' म्हणू लागले. चीनच्या लोकांना हे ठाऊक असण्याचे कारण नाही, पण मराठी शेतकरी आपल्या जमिनीला काळी आई म्हणतो. सोलापूरच्या काळ्या मातीतून गेलेल्या मुलाला पिवळ्या मातीच्या मुलखात नेमके हेच नाव मिळावे, हा योगायोग खरा. तथापि दोन्हीकडच्या बोलण्यामागील भाव एकच आहे. जी पोसते, जी तक्रार करीत नाही, ती आई.

बेथ्यून यांच्या समाधीच्या समारंभात कोटणीसांची क्वो चिंगलान या परिचर्या शिकविणाऱ्या तरुणीशी ओळख झाली. १९४१ च्या अखेरीस त्यांचा विवाह झाला. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव 'यिन्हुआ' ठेवले गेले: 'यिन' म्हणजे भारत, 'हुआ' म्हणजे चीन. त्याआधी, जुलै १९४२ मध्ये, कोटणीस तेथील कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले होते.

या शेवटच्या गोष्टीपाशी आपले वक्ते एक तर अडखळतात किंवा तेवढ्याचाच डंका पिटतात. काहींना ती लपवावीशी वाटते, कारण त्यामुळे राष्ट्रीय वीराची प्रतिमा डागाळते अशी भीती. इतरांना तेवढीच सांगावीशी वाटते, कारण मग सारा माणूस आपल्या पक्षाच्या खाती मांडता येतो. आम्हांस दोन्ही पवित्रे खोटे वाटतात. तारखांचा क्रम पाहावा. १९३८ मध्ये ते निघाले ते काँग्रेसच्या पथकातून. सभासद झाले ते १९४२ च्या मध्यावर, म्हणजे त्या लोकांबरोबर जवळजवळ साडेतीन वर्षे खाल्ल्यावर, चालल्यावर आणि त्यांची प्रेते पुरल्यावर. त्यांनी विचारसरणी आधी स्वीकारली आणि मग सेवा केली, असे घडले नाही. सेवा आधी, संगत आधी, विश्वास आधी. मताची बांधिलकी त्यानंतर. त्या मताशी कोणी सहमत असो वा नसो, ते कसे घडले याची जाण तरी आपण ठेवली पाहिजे. पंढरपूर सोलापूर जिल्ह्यातच आहे. वारकरी शास्त्रार्थ ठरवून वारीस निघत नाही. बरोबरच्यांसह पायी चालता चालता त्याची श्रद्धा पक्की होते. कोटणीसांचेही बरेचसे तसेच झाले.

प्रकृतीने मात्र साथ दिली नाही. अपस्माराचे झटके येऊ लागले होते. उपचारांसाठी मागे जावे, विश्रांती घ्यावी, असा वरिष्ठांचा आग्रह होता. त्यांनी मानले नाही. दुसऱ्या ग्रंथाचे लेखन चालूच होते. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांचा अंत झाला. मूल त्या वेळी चार महिन्यांचेदेखील पुरते नव्हते.

येथे आम्हांस एक अप्रिय वाक्य लिहावेसे वाटते. स्वतःच्या आजाराकडे दुर्लक्ष करणे हा डॉक्टरच्या ठायी गुण नव्हे. रोग्याने असे केले असते तर कोटणीस त्याच्यावर रागावले असते. ते आणखी तीस वर्षे जगते, तर किती विद्यार्थी त्यांच्या हाताखालून जाते! त्यागाचे पोवाडे गाताना हा हिशेब आपण मांडत नाही, म्हणून तरुण कार्यकर्ते देह झिजवून घेणे हीच सेवा समजतात. कोटणीसांचा आदर्श घ्यावयाचा तर त्यांच्या मरणातून नव्हे, त्यांच्या दिनक्रमातून घ्यावा.

पुढील इतिहास सुखाचा नाही. ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिले, आणि १९४६ साली व्ही. शांताराम यांनी 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' हा चित्रपट काढून स्वतः ती भूमिका केली. नाव घरोघरी गेले. १९६२ साली सीमेवर युद्ध झाले, आणि ज्या मैत्रीचे ते प्रतीक होते तिचा उच्चार करणेही कठीण झाले. १९६७ साली यिन्हुआ वैद्यकाचे शिक्षण पुरे होण्याआधीच वारला. ज्याच्या नावात दोन देश गुंफले होते तो चोवीस वर्षांचाच होता. क्वो चिंगलान मात्र दीर्घायुषी झाल्या. त्या भारतात येऊन कोटणीस कुटुंबाला भेटत राहिल्या आणि २०१२ साली निवर्तल्या. सोलापुरातील जन्मघरी स्मारक झाले. १९८२ साली चीनने व १९९३ साली भारताने त्यांच्या स्मरणार्थ टपालाचे तिकीट काढले. दोन राज्यांचे संबंध वरखाली होत राहिले आणि राहतील. त्या भांडणांचा जाब गगोंगच्या डॉक्टरला विचारण्याचे कारण नाही आणि त्यांच्या नावाने ती भांडणे झाकण्याचेही कारण नाही.

कोटणीसांचे अवशेष आज शिच्याच्वांग येथील हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत आहेत. बेथ्यूनही तेथेच आहेत. चीनमध्ये वसंतात छिंगमिंग नावाचा दिवस येतो. त्या दिवशी लोक पूर्वजांच्या थडग्यांची झाडलोट करून फुले वाहतात; आपल्या पितृपक्षाची आठवण व्हावी असाच तो दिवस. त्या दिवशी या सोलापूरकराच्या समाधीवरही फुले पडतात. ज्याला आपल्या वडिलांच्या अंत्यविधीस जाता आले नाही, तो परक्या मुलखाचा पितर होऊन बसला. सुरुवातीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे आहे. खेड्याला एक डॉक्टर मिळाला होता. चार वर्षांत त्याचा आप्त झाला.

उरलेल्या अर्ध्या उत्तरासाठी आम्ही पुन्हा भिवंडीत येतो. आपल्या गावात मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू या भाषा एका गल्लीत ऐकू येतात. या गावाने १९७० चा मे महिना पाहिला आणि १९८४ चा मे महिनाही पाहिला. त्या दंगलींच्या आठवणी अजून घराघरांत आहेत. आणि याच गावाने १९८८ नंतर पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांच्या पुढाकाराने मोहल्ला समित्या उभ्या केल्या, आणि १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली असता हे गाव शांत राहिले. त्या समित्यांत काय होत असे? फार मोठे तत्त्वज्ञान नव्हते. नळावरचे भांडण, गटाराची तक्रार, मुलांची मारामारी यांवर शेजाऱ्यांनी एकत्र बसून बोलावयाचे, आणि असे वारंवार बसावयाचे. विश्वास बैठकीच्या सतरंजीवर तयार झाला आणि आणीबाणीच्या रात्री उपयोगी पडला.

गगोंग गावातही निराळे काही घडले नव्हते. सेवा करणाऱ्याला काय मिळते, याचे उत्तर म्हणून आम्ही एवढेच म्हणू की, त्याला जी श्रद्धा मिळते ती जाताना बरोबर नेता येत नाही आणि तेथे तयार मांडून ठेवलेलीही नसते. एका ताटातले राळे, एका वाटेवरची पायपीट आणि दुसऱ्याची भाषा गिरविताना झालेल्या चुका यांतून ती हळूहळू घडते. त्यासाठी चीनला जावे लागतेच असे नाही. आपल्या गल्लीतील शेजाऱ्याच्या भाषेतली किती वाक्ये आपणांस येतात, हे आज घरी जाताना प्रत्येकाने मोजून पाहावे. आम्हीही मोजली. ती फार थोडी निघाली.